उलटा अडॅप्टर

धम्मदीप पहिल्यांदा दुकानात आला तो पत्ता विचारायला. बोरगाव मेघेतल्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मंजुषा काउंटरवर बसली होती. तिनं पत्ता सांगितला, आणि निघता निघता तो उगाच एक होल्डर घेऊन गेला. मग दर मंगळवारी त्याच्या घरचं काही ना काही जळू लागलं. एका घरात इतकं जळत नाही हे तिला कळत होतं, तरी मंगळवारी ती हिरवी ओढणीच घेत होती.

आज मात्र त्याचं ओढणीकडे लक्ष नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली होती, वर्षभरासाठी इंग्लंड. परवा विमान.

"अडॅप्टर पाहिजे. दोन. एक तिकडच्या बोर्डाचा, अन् एक—"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो ज्योत्स्ना, दुकानातच आहो. परवा एअरपोर्टवर भेटू."

मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ज्योत्स्ना कोण?" तिनं हातातल्या खोक्यालाच विचारलं.

"माझ्यासंगं चालली. तिलेही तिथंच ॲडमिशन भेटली."

म्हणजे एक याला, एक तिला! ‘एकच ने, पुढं मल्टिप्लग लाव’ असं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तिला दिसलं... एक टेबल, एक बोर्ड, दोघांचे फोन शेजारी शेजारी चार्ज होताहेत. छे! दोनच बरे. दोन टोकांच्या दोन खोल्यांत लागोत मेले.

चपट्या पिनांचे दोन अडॅप्टर तिनं काउंटरवर आपटले. "घ्या!"

"बल्ब लावून पाह्यला काय, बेटा?" आतून बाबा ओरडले. दुकानाचा नियमच होता तो. बल्ब पेटल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे.

तिनं अडॅप्टर टेस्टिंगच्या बोर्डात खुपसून पाहिला. चपट्या पिना गोल भोकांत जाणार कशा?

"नाई जात. तिकडचं तिकडंच लागते..." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"म्हणून तं दोन सांगत होतो," धम्मदीप म्हणाला. "दुसरा उलटा पाहिजे. तिकडची पिन इथं लागली पाहिजे, असा. तू आयकूनच कुठं घेतलं?"

"मग ज्योत्स्नाले काय देशीन?"

"तिले काऊन देऊ? तिच्या नवऱ्यानं घेतला असन. दोघं संगंच चालले."

नवरा! मंजुषा खालचा खण उघडायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. हसू आवरल्यावर उठली. बोर्डात उलटा अडॅप्टर, त्यात सुलटा, त्यात बल्बची पिन. बटण दाबलं... पेटला.

"हा उलटा तुयापाशीच ठेवजो," बल्बकडे बघतच तो म्हणाला. "वर्षानं माझं सामान तिकडच्या पिनांचं असन. ते इथं लावीन. म्हणजे... मले इथंच यायचं हाय, मंजुषा. तुयासाठी. घरी कधी काहीच जळलं नोतं."

"ठाऊक हाय मले."

तिनं उलटा अडॅप्टर खणात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

"मी थांबते. बराबर वर्षानं येजो," ती म्हणाली. "अन् विमानात तू खिडकीपाशी बसजो. मधात ज्योत्स्नाच्या नवऱ्याले बसवजो!"