निशिगंधाचा लंगडा मासा

निशिगंधा टूलरूमकडे निघाली होती. वाटेत क्वालिटीच्या टेबलाकडे सहज नजर गेली आणि पाय थबकले. एक गंभीर तरुण तिच्या माशाला लाल स्टिकर लावत होता.

मासा प्लास्टिकचा. चाकणची ही कंपनी वर्षानुवर्षं गाड्यांच्या दारांच्या मुठी करायची. मग परदेशी हौशी लोकांसाठी गळाला लावायचे नकली मासे करावेत, अशी मालकांना लहर आली. डिझाइन लातूरहून आलेल्या निशिगंधाकडे गेलं. तपासणी मात्र मुठीवाल्यांकडेच राहिली.

"एका बाजूला कलतोय, मॅडम," तो तरुण, म्हणजे निरंजन, म्हणाला.

"कलायलाच हवा, सर. जखमी मासा असाच पोहतो. मोठा मासा त्यालाच धरतो."

"जखमी माल आमच्याकडून बाहेर जात नाही."

हे बोलताना तो हसला नाही. निशिगंधाला राग आला, आणि याच्या पापण्या फार लांब आहेत हेही तेव्हाच लक्षात आलं. दोन्ही एकदम होणं तब्येतीला बरं नसतं.

तिने माशाच्या पोटातली शिशाची गोळी किंचित सरकवली. पुन्हा लाल स्टिकर. ती खाली जाऊन भांडली. भांडण थिनरच्या वासात सुरू झालं आणि कँटीनच्या चहापर्यंत लांबलं. पुढच्या खेपेला त्याने भज्यांची प्लेट तिच्याकडे सरकवली, माशाच्या शेपटीचं कौतुक केलं... आणि मासा नापास केला.

शेवटी प्लांट हेड बबनरावांनी निशिगंधाला बोलावून सांगितलं, सोमवारपर्यंत नमुना पास झाला नाही तर माशांचा विभाग बंद, साचे भंगारात. म्हणजे तिला लातूर. तिथे घरच्यांनी एक दंतवैद्य पाहून ठेवलेलाच होता.

रविवारी तिने निरंजनला भामा आसखेडच्या धरणावर यायला सांगितलं. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिने गळ टाकला, दोर हळूहळू ओढला. मासा लंगडत आला... पाणी फुटलं, काठी वाकली. हातभर मरळ! तिने विजयी मुद्रेने वळून पाहिलं. निरंजनला नवल वाटलेलं दिसेना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या खेपेपासून. तेव्हा तुमचं ड्रॉइंग नीट वाचलं. कलायला हवा, असं त्यावर लिहिलेलंच होतं."

"मग नापास का केलंत?"

तो मरळीकडे बघत म्हणाला, "पास केलं असतं तर... तुम्ही भांडायला आला नसतात."

"माझी नोकरी जाणार होती, निरंजन." 'सर' कुठे गळून पडलं ते तिला कळलं नाही.

"ते मला काल कळलं. कालच पास केलं. बबनरावांकडे जाऊन चूक माझी म्हणून सांगितलं."

"मग आज कशाला आलात?"

"तुम्ही बोलावलंत."

निशिगंधाने मरळ पाण्यात सोडली. जरा जास्तच सावकाश.

"बबनराव काय म्हणाले?"

"झापलं. मग कारण विचारलं."

"काय सांगितलंत?"

"खरं ते."

बबनरावांना कळलं म्हणजे कँटीनला कळलं, आणि कँटीनला कळलं म्हणजे कंपनीच्या बसलाही.

"म्हणजे सगळ्यांना माहीत," ती म्हणाली, "मलाच तेवढं कोणी सांगितलेलं नाही. सांगा आता."

त्याने सांगितलं. मध्ये दोनदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. शेवटचं वाक्य मात्र तिच्याकडे बघून बोलला.

परतताना ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. चाकण चौकात कंपनीतलं कोणी ना कोणी भेटतंच. तरी तोंडाला स्कार्फ बांधायची तसदी तिने घेतली नाही.