खुंट्यांचे नऊ दिवस

मी दाराकडे पाठ करून लाकूड घासत होते, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हे तुमचंच का?"

आवाज इतका खालच्या पट्टीतला, की आधी वाटलं बाबांनी काहीतरी जड बाकावर ठेवलं. वळून पाहिलं तर दारात एक उंच माणूस उभा. भिजलेली छत्री अंगापासून लांब धरलेली, आणि दुसऱ्या हातात माझं पार्सल. फोडलेलं.

"तुम्ही उघडलंत?"

"उघडलं खरं... आमच्या ऑफिसात आलं. आमचा चार नंबर, तुमचा चार-अ. मला वाटलं, मीटरचे सुटे भाग असतील."

"आणि निघाले?"

"पिकअप. तेही बेस गिटारचे." तो जरासा हसला. "मग म्हटलं, शिपायाला कशाला पाठवायचं, आपणच जाऊ."

पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून स्पीकरपर्यंत पोचवणारे ते चपटे काळे डबे. ते ओळखणारा माणूस आमच्या दारात चुकून यावा, याचं मला नवल वाटलं. आमचा कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. अर्ध्या भागात बाबा दारं-खिडक्या करायचे, अर्ध्यात मी गिटारी दुरुस्त करायचे. आई गेल्यापासून आम्ही दोघं दिवसभर शेजारी शेजारी काम करायचो आणि संध्याकाळपर्यंत मिळून वीसेक वाक्यं बोलायचो. बाहेर पंधरा दिवस तेच मळकट आभाळ होतं आणि आत आमचं.

तो पाणीखात्यात नकाशे काढायचा. रस्त्याखालून कुठली नळी कुठे जाते, ते. शनिवारी मित्रांच्या गाण्याखाली बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचा. जाता जाता त्याने विचारलं, "अख्खी करून द्याल एक? प्रत्येक वस्तू मी निवडणार. लाकडापासून स्क्रूपर्यंत."

"आवडेल. पण वेळ लागेल."

"आठ आठवडे?"

"एवढी घाई?"

"असंच..." म्हणाला आणि छत्री उघडायला लागला. खोलीच्या आतच.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "काय आवाज आहे. जन्मभर मंद्र सप्तकातच राहिलेला दिसतोय." तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव मंद्र पडलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी, ऑफिस सुटलं की तो यायचा. आधी लाकूड. बाबांच्या फळ्यांपुढे तो अर्धा तास उभा राहिला, एकेक उचलून, वजन करून.

"हलकी हवी," म्हणाला. "अगदी हलकी. खांद्यावर आहे हे विसरायला झालं पाहिजे."

पाडलेल्या शाळेतल्या एका कपाटाचं दार बाबांनी कधीचं राखून ठेवलं होतं. सीडरचं. त्याने त्यावर टिचकी मारली, कान लावला, आणि मग मला खुणेने बोलावलं. आम्ही दोघांनी एकाच फळीला दोन बाजूंनी कान लावले. त्याचे डोळे बंद होते. माझे नव्हते.

"काय ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"शाळा सुटल्याची घंटा."

"मला तर बाई ओरडताना ऐकू आल्या."

पुढच्या खेपेला नेक. म्हणजे गिटारची मान. ती हाताच्या मापाची करायची, म्हणून मी बाकावर खाकी कागद पसरला आणि म्हटलं, "डावा हात ठेवा."

"हे 'ठेवा-बिवा' किती दिवस चालणार?"

"गिऱ्हाईक आहात."

"गिऱ्हाइकाच्या हाताभोवती पेन्सिल फिरवतात का कुणी?"

"...ठेव मग."

मी पेन्सिल फिरवायला लागले. अंगठा, पहिलं बोट, मधलं. करंगळीपाशी आले तेव्हा ती थरथरत होती. त्याने हात पटकन मागे घेतला. मला वाटलं, लाजला. मला बरंही वाटलं... खोटं कशाला बोलू.

"नेक बारीक कर," तो म्हणाला, "हाताला फार जोर लावावा लागू नये."

"नाजूक आहेस तू."

"आहे," तो म्हणाला. तेवढंच.

असे आठवडे गेले. पिकअप त्याने तेच घेतले, चुकून आलेले. ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात ती पट्टी, पितळेचा की पोलादाचा, यावर तीन संध्याकाळी गेल्या. त्यात ब्रिजबद्दल फार तर पंधरा मिनिटं बोललो असू. तो त्याच्या आईबद्दल सांगायचा, जी त्याची गिटार ऐकून म्हणायची, "वरचं गाणं कधी सुरू होणार?" मी माझ्या आईबद्दल सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच, आणि बाबा पाच हातांवर बसले असताना. त्यांनी रंधा थांबवला नाही, पण तो एकाच जागी फिरत राहिला.

सातव्या आठवड्यात सगळं झालं होतं. राहिल्या होत्या फक्त खुंट्या, तारा ताणायच्या. लांबून मागवलेल्या, त्यानेच निवडलेल्या, लहान पानाच्या आकाराच्या. बुधवारी त्या आल्या. मी डबी उघडली, चारही हातात घेऊन फिरवून पाहिल्या. त्या बसवायला दोन तास. मग तारा. मग तो गिटार घेऊन जाणार. आणि मंगळवारी मला दाराकडे बघायला काही कारण उरणार नाही.

मी डबी ड्रॉवरमध्ये ठेवली, पॉलिशपेपरच्या खाली.

शुक्रवारी तो आला. "आल्या?"

"नाही अजून."

मंगळवारी आला. "आल्या?"

"येतील रे. कुठे पळतायत."

त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही. तो गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या ड्रॉवरमध्ये अंडी घालणार आहेत का त्या?"

मी ड्रॉवर आणखी आत ढकलला. आमच्या घरात तेवढ्यालाच भांडण म्हणायचे.

पुढच्या शुक्रवारी तो आला तो उभाच राहिला. चेहरा ओढलेला. बाहेर बारीक, चिकट पाऊस होता आणि त्याने छत्री आणलीच नव्हती.

"आज तरी?"

"नाही..."

"मग राहू दे," तो म्हणाला. "नंतर उपयोग नाही."

"म्हणजे?"

तो स्टुलावर बसला. डावा हात गुडघ्यावर ठेवून त्याच्याकडेच बघत बोलला. "कोपराजवळ गाठ आहे. नसेवर. गुरुवारी काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, पण शेवटची तीन बोटं परत येतील याची खात्री नाही. त्याआधी एकदा... माझ्या हातासाठी केलेल्या गिटारीवर वाजवायचं होतं. बास."

सांगायचं नाही असं ठरवलं असतं तर कदाचित जमलंही असतं. संध्याकाळच्या टपालाने आल्या म्हणता आलं असतं. पण मी ड्रॉवर उघडला, पॉलिशपेपर बाजूला केला आणि डबी त्याच्यापुढे ठेवली.

"केव्हा आल्या?"

"नऊ दिवस झाले."

तो डबीकडे बघत राहिला. "का?"

"तू येत राहावास म्हणून."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त डबी माझ्याकडे सरकवली. "बसव."

बाबा उठून माझ्या बाकापाशी आले, दिवा जवळ ओढून धरला. दोन स्क्रू त्यांनीच फिरवले. तारा चढल्या. त्याने गिटार घेतली, अगदी खालची तार एकदा छेडली. ती बाकाच्या लाकडातून माझ्या मनगटापर्यंत आली. मी आजवर केलेल्या कुठल्याच गिटारीचा आवाज तसा नव्हता. मग तो ती घेऊन गेला.

बुधवारी मी त्याच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच गिटार ऐकू आली. एकच ओळ, खालून वर जाणारी, शेवटच्या सुरापाशी अडखळणारी, पुन्हा पहिल्यापासून. मी बेल वाजवली नाही. एक मिनिट माझ्याशी बोलायचं म्हणजे त्याचं एक मिनिट वाजवायचं कमी होणार होतं, आणि त्याची नऊ दिवसांची मिनिटं मी आधीच घेतली होती. पायरीवर बसून ऐकलं आणि परत आले.

त्यानंतर सहा आठवडे काही नाही. मी दुरुस्तीची कामं केली. मंगळवार आला की बाबा उगाचच मोठ्याने रेडिओ लावायचे.

मग एका दुपारी तो आला. डाव्या हाताला पट्टा, पाठीवर गिटार. त्याने ती बाकावर ठेवली.

"तू ठेव," म्हणाला. "घरात दिसली की आई रडते. आणि मीही."

"हात दाखव."

त्याने पट्टा सोडला. अंगठा हलत होता, पहिलं बोट हलत होतं. बाकीची तीन नुसती होती.

"उजव्या हाताने सूर धर," मी म्हणाले. "डाव्या अंगठ्याने तार छेड. उलटी धर गिटार."

"पस्तिसाव्या वर्षी डावखुरा होऊ?"

"हो."

"अगं, ती माझ्या डाव्या हातासाठी केली आहेस तू. सगळी. ती उलटी धरली तर वरचे सूर हाताला लागणार नाहीत. मानेशेजारचा लाकडाचा खांदा आड येईल."

"खांदा कापते."

"कापायची नाही." त्याने फळीवर हात ठेवला. "ही तू केलेली सगळ्यात चांगली वस्तू आहे."

"हात काढ. करवत लागेल."

त्याने हात काढला. मी खांदा कापला. सीडरचा भुसा दोघांच्याही कपड्यांवर उडाला आणि मला रडू येत होतं, पण रेघ सरळ गेली. मग खुंट्यांजवळची खाचांची पट्टी उलट्या क्रमाने नवी घासली, तारा उलट्या चढवल्या. तो समोर बसून होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्या नऊ दिवसांचा मला राग आहे."

"असणारच."

"अजूनही आहे. पण मी पहिल्या दिवशीच ऑपरेशनचं सांगितलं असतं, तर तू डबी लपवली नसतीस. मी सांगितलं नाही... कारण मग तू मला चहा दिला असतास, पण नाजूक आहेस म्हणून चिडवलं नसतंस."

मी खाली बघून तार ताणत राहिले.

"मलाही यायचंच होतं," तो म्हणाला. "खुंट्या नसत्या आल्या, तरी."

मी गिटार त्याच्या गळ्यात अडकवली, उलटी. उजव्या हाताचं बोट त्याने चाचपडत तारेवर ठेवलं, डाव्या अंगठ्याने छेडलं. सूर घरघरला, मेला. पुन्हा छेडलं. यावेळी अर्धा लागला. पलीकडून बाबा म्हणाले, "वरचं गाणं कधी सुरू होणार?" आणि तो हसला, डोळे पुसत.

"वर्षं जातील यात," तो म्हणाला.

"जाऊ देत."

त्याचा डावा हात दमून मांडीवर पडला होता. मी तो हातात घेतला, त्या तीन बोटांवर माझी बोटं ठेवली. ती गार होती.

"तिथे मला काही कळत नाही गं," तो हळूच म्हणाला. "हात धरलायस हेही नाही."

"मला कळतंय ना," मी म्हणाले, आणि धरून बसले.