वखारीचं दार

उन्हाळ्यात सावद्यात कुणी मिठाचं पोतं उचललं की त्याच्या घरी लोणची पडणार, हे ठरलेलं. पारसमलच्या दुकानात उभ्या असलेल्या कुमुदलाही तेच वाटलं.

"एवढं मीठ? अख्ख्या गावाचं लोणचं तुमच्याच घरी का?" तिनं विचारून टाकलं. मनात आलेलं पोटात ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

पोत्याला हात घातलेला तो उंच तरुण गोंधळला. "नाही... मासे आहेत."

पारसमलनं तराजू खाली ठेवला. "माफ करा भाऊ. मासे खारवायला आमच्या दुकानातलं मीठ मिळणार नाही."

"खायचे नाहीत हो, जगवायचेत. समुद्राकडचे आहेत, त्यांना खारं पाणी लागतं."

पारसमल क्षणभर बघत राहिला. मग गल्ल्यावरून उठून त्यानं पोतं स्वतःच्या हातानं सायकलला बांधून दिलं. कुमुदला हसू आवरेना, आणि त्या तरुणालाही.

तो लीलाधर, सुनंदाबाई फिरक्यांचा भाचा. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला आणि मुंबईत माशांवर शिकलेला. खाडीतली बोई मासळी खानदेशच्या उन्हात तग धरते का, हे बघायला तो काचेची पेटी घेऊन मावशीकडे आला होता. बोई जगल्या तर त्याचं काम इथंच चालणार होतं. मेल्या तर जूनमध्ये त्याला सरांनी रत्नागिरीला बोलावलं होतं, ते कायमचंच.

दुसऱ्या दिवशी केळफूल द्यायचं निमित्त काढून कुमुद सुनंदाबाईंच्या ओसरीवर हजर झाली. चंदेरी मासे पेटीत फिरत होते.

"हे सारखं तोंड का हलवतात?"

"श्वास घेतात... आणि पाणीही पितात."

"पाण्यात राहून तहान लागते?"

"खारं पाणी त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. म्हणून समुद्रातला मासा सारखा पीत असतो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीतल्या माशाला प्यावंच लागत नाही."

"म्हणजे समोर एवढं पाणी... आणि तरी तहानलेला?"

"असतं एखाद्याचं तसं," तो म्हणाला, आणि तिच्यावरची नजर घाईघाईनं पेटीकडे वळवली.

कुमुदचे कान तापले. त्या दिवसापासून तिला माशांबद्दल इतके प्रश्न पडू लागले, की सुनंदाबाई चहाचं आधण न विचारताच वाढवू लागल्या.

एप्रिल संपता संपता ऊन भाजू लागलं. मासे खाईनात, भराभर कल्ले हलवत कोपऱ्यात थांबू लागले. "पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते," लीलाधर म्हणाला, "आणि नेमकी तेव्हाच माशाला जास्त लागते." त्याचा चेहरा उतरला होता. कुमुदला रत्नागिरी दिसू लागली.

"आमच्या वखारीत ठेवा," ती म्हणाली.

तिचे वडील शालिग्रामआबा कच्ची केळी पिकवून विकायचे. त्यांची वखार जाड मातीच्या भिंतींची, बिनखिडक्यांची. गावात तिच्याइतकी थंड जागा नव्हती. आबा म्हणाले, "ठेव बापा, कोपरा रिकामाच हाये." पेटी आत गेली, मासे खाऊ लागले आणि कुमुद दिवसातून चारदा केळी बघायला जाऊ लागली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी लीलाधर भुसावळला गेला होता. कुमुद पहूरच्या मावशीकडून दुपारी परतली, तर वखारीचं दार चिखलानं लिंपलेलं. सणाची केळी लवकर पिकावी म्हणून आबांनी आत गोवऱ्यांची धुरी लावली होती आणि सवयीनं दार बंद करून ते बाजारात निघून गेले होते. कोंडलेल्या धुरात मासे गुदमरणार, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

धुरी लावल्यावर दार मधेच उघडत नाहीत. हवा शिरली की केळी हिरवीच राहतात, आणि आबांनी पूजेची केळी निम्म्या गावाला कबूल केली होती. कुमुद दारापाशी उभी राहिली... आणि मग तिनं खुरपं घालून चिखल फोडला.

धूर ओसरला तेव्हा सगळ्या बोई वर येऊन, ओठ पाण्याबाहेर काढून हवा गिळत होत्या. तिनं धुमसत्या गोवऱ्यांची घमेली बाहेर ओढली आणि तांब्यानं पेटीतलंच पाणी उंचावरून पुन्हा पेटीत ओतायला सुरुवात केली. तिचे हात भरून आले तेव्हा मागून कुणीतरी तांब्या अलगद काढून घेतला. भुसावळहून परतलेला लीलाधर होता. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून दोघं आळीपाळीनं पाणी ओतत राहिली. ऊन कललं तसे मासे एकेक करून खाली उतरले.

तेवढ्यात दारात आबा उभे.

"आखाजीची केळी, कुमुद. गावाले मी आता काय सांगू? चार माशांपायी दार फोडलं तू?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण ते तिला कुठं जमायचं?

"माशांपायी नाही, आबा. मासे मेले असते तर लीलाधर कायमचे रत्नागिरीला गेले असते. आणि मला... मला ते जायला नको आहेत."

आबांनी लीलाधरकडे मोर्चा वळवला. "अन् तू रे? तोंडात मिठाची गुळणी धरली का?"

लीलाधरनं तांब्या खाली ठेवला. तो बोलला आबांशी, पण बघत होता कुमुदकडे. "मासे मेले असते तरी मी गेलो नसतो, आबा. सरांना तसं मागच्याच आठवड्यात कळवलंय. फक्त... हिला सांगायचा धीर होत नव्हता."

आबांनी हिरव्यागार घडांवरून हात फिरवला. मग खांद्यावरच्या उपरण्यानं घाम पुसत ते म्हणाले,

"मंग आधी सांगायचं ना बापा. माझी केळी तरी पिकली असती."