छत्तीस अंशांवरचे मोजे

अकराव्या दिवशी सकाळी तिनं चेंबरचं दार उघडलं, तेव्हा आत चाळीस रोपं आणि मोज्यांचा एक जोड होता.

रोपं तिची होती. मोज्यांबद्दल तिला काही कल्पना नव्हती.

आज इतक्या वर्षांनी आठवायला बसली, तरी तिला आधी मोजेच दिसतात. राखाडी, जाड, एकाच्या टाचेला भोक. मग खिडकीवरचा पाऊस... आणि मग तो.

चेंबर म्हणजे रोपं वाढवायचं फ्रिजएवढं कपाट. आत दिवे, ठरावीक ऊब, आणि झाकणबंद बाटल्यांत तंबाखूच्या दोन दूरच्या जातींचा संकर. (आई नातेवाइकांना ‘मुलगी पानाफुलांचं काहीतरी करते’ एवढंच सांगायची. ‘मुलगी तंबाखूवर आहे’ हे तिच्या तोंडून निघेना.) संकराचं बी उत्साहानं रुजायचं, दोन पानं काढायचं. नवव्या दिवशी मुळं तपकिरी पडायची आणि अकराव्या दिवशी सगळी रोपं शिस्तीत माना टाकायची. असं सहा वेळा झालं होतं. ही सातवी खेप, शेवटचं बी. “हीही गेली तर गाशा गुंडाळा,” सर म्हणाले होते. म्हणून या वेळी तिनं दहा दिवस दारच उघडलं नव्हतं. आपण बघतो म्हणून ती मरतात, असं तिला वाटू लागलं होतं. इतकी वर्षं विज्ञान शिकल्यावर माणूस इथवर येतो.

“मिळाले वाटतं,” दारातून आवाज आला.

एका हातात गळकी छत्री, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. हा चेंबर दुरुस्त करणारा. बाहेरचा तापमानाचा आकडा अठ्ठावीसवर अडकला होता, तो बघायला अकरा दिवसांपूर्वी आला होता आणि ‘पार्ट मागवतो’ म्हणून गेला होता.

“हे तुमचे?”

“हो. त्या दिवशी भिजले होते. आत टाकले, ऊब जरा वाढवली... आणि विसरलो.”

“जरा म्हणजे?”

“छत्तीस.”

“इथं अठ्ठावीस लागतं हो!”

“अठ्ठावीसात वाळले नसते, मॅडम. जाड आहेत.”

ती चांगलंच सुनावणार होती. तोंड उघडलंही. मग तिची नजर बाटल्यांवर गेली. चाळीसही रोपं हिरवीगार, मान ताठ. ती मटकन स्टुलावर बसली आणि रडू लागली.

तो गांगरला. त्याच्या मोज्यांमुळे आजवर माणसं उठून गेली होती, पण रडलं कुणी नव्हतं.

“धुतलेले होते,” तो हळूच म्हणाला.

डोळे पुसत तिनं समजावलं. आईकडून एक जनुक येतो, बापाकडून एक. दोघंही पहारेकऱ्यासारखे, आपापल्या घरी अगदी सज्जन. पण संकरात दोघं एकत्र आले की एकमेकांना चोर समजतात, आणि पकडापकडीत घरच जाळून टाकतात.

“आणि छत्तीसला?”

“उकाड्यानं बहुतेक डुलकी लागते त्यांना.”

“माझे दोन काका असेच आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला. “उन्हाळ्यातच तेवढे शांत असतात.”

अडचण एवढीच होती, की गार झालं की पहारेकरी जागे होणार. फूल येईपर्यंत चार महिने चेंबर छत्तीसवरून हलता कामा नये. म्हणून तो रोज येऊ लागला. आकडा पाहायचा, दाराच्या मुठीचा ढिला स्क्रू आवळायचा, आणि तासभर बसायचा. दोघं सतत भांडायची — चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद... तिच्या अहवालात ‘मोजे’ लिहायचं की नाही, यावर तर तीन दिवस. शेवटी सरांनी ‘अनपेक्षित वस्त्र’ असं लिहायला लावलं.

मग एके दुपारी फिकट गुलाबी फूल उमललं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. आता बी धरणार, चेंबर बंद होणार...

“म्हणजे उद्यापासून माझं काम नाही,” तो म्हणाला.

“तो मुठीचा स्क्रू आहे की.”

“तो कसा काय रोज ढिला होतो, कळत नाही.”

ती फुलाकडेच बघत होती. “मी करते.”

त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “म्हणून तर कधी नीट आवळलाच नाही.”

“...मग उद्या ये.”

ती त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती. तो घाईघाईनं उठला, आणि छत्री विसरून भर पावसात निघून गेला.

आता त्यांच्या घरात साखरेचे दोन डबे आहेत, आणि खिडकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोघंही माणसं म्हणून सज्जनच, सगळे सांगतात. भांडण फारच पेटलं, की कुणीतरी एक जण गुपचूप उठून हीटर वाढवतो. कोण, हे दोघंही कबूल करत नाहीत. थोड्या वेळानं त्याला डुलकी लागते, मग तिलाही.

हीटरवर मोजे वाळत असतात.