दोघांच्या नावाची बाटली

लिफ्टचे दार मिटता मिटता तो आत शिरला, आणि तिने आपली बाटली उराशी अधिकच घट्ट धरली.

तिच्या प्रयोगशाळेतले पेशींना ऊब देणारे यंत्र त्या हिवाळी सकाळी अकस्मात बंद पडले होते. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या पेशी औषधाला पुरून उरण्यास दीड वर्षात शिकल्या, त्या आता केवळ या बाटलीत जिवंत होत्या. औषध कालांतराने निकामी का होते, याचे उत्तर त्यांच्याच पोटी दडलेले. वरच्या मजल्यावरील यंत्रात त्यांना पोहोचवणे, हाच तिचा ध्यास होता.

तो त्याच वरच्या मजल्यावरचा संशोधक. हाती तशीच बाटली, पेशी मात्र दुसऱ्या जातीच्या.

मध्येच वीज गेली. लिफ्ट अडकली...

गारठ्याने तिचे हात काकडले. बाटली गार पडू नये म्हणून त्याने तिला आपल्या जाड स्वेटरच्या आत आसरा देऊ केला. दोन जातींच्या पेशी एका हाती देत नसतात, असे तिने ठणकावले. सारे तिला उगाच फौजदारीण म्हणत नसत. झाकणे घट्ट आहेत, एक डाव्या काखेत ठेवतो, एक उजव्या, असे तो समजावू लागला.

"काखेत कळसा म्हणतात, तो हाच," तो पुटपुटला.

तिला हसू आवरेना. बाटली देताना बोटांना बोटे लागली — क्षणभर... किंचित अधिकच.

तोच लिफ्टने हिसका दिला. दोन्ही बाटल्या स्वेटरच्या आत घसरून त्याच्या पोटाशी एकत्र आल्या. दिवे उजळले. बाटल्यांवरची, स्पिरिटने आधीच फिकटलेली नावे स्वेटरला घासून पार पुसली गेली होती.

"माझी कोणती?" तिने विचारले.

त्याने दोन्ही बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या. "डावीकडची म्हणालो असतो, तर तुम्ही विश्वास ठेवला असता. पण... मला ठाऊक नाही."

तिचा संताप अनावर झाला. वर पोहोचल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एका बाटलीतील पेशी द्राक्षांच्या घोसागत दिसल्या, तिला आपल्याच वाटल्या. तथापि वाटण्यावर विज्ञान चालत नाही. दोन्हींचे नमुने ओळख-तपासणीस धाडले गेले. तोवर काम ठप्प.

तो रोज जिना उतरून दाराशी उभा राही. ती नकारार्थी मान हलवी, की तो निमूट परते. पुढे पुढे त्या पावलांच्या चाहुलीने तिचेच काळीज धडधडू लागले. आरोपीचीच ओढ लागली वाटतं फौजदारीणबाईंना, असा टोमणा मैत्रिणीने मारला.

अखेर अहवाल आला. घोसवाल्या पेशी तिच्याच होत्या. त्या दिवशी जिना ती चढली.

"हे पेन घ्या. माझ्या बाटलीवर नाव लिहा."

"तुम्ही तर कोणाला हात लावू देत नाही."

"खोटं बोलणं सोपं असताना जो खरं बोलला, त्याला देते."

त्याने पेशींचे नाव लिहिले. "खाली सांभाळणाऱ्याचं नाव लागतं... कोणाचं लिहू?"

तिने नजर झुकवली —

"दोघांचं लिहा."