दोन आत गेले होते

गर्भपिशवीतली गाठ लिंबाएवढी होती, आणि तिला गाठीसकट पिशवीच काढून हवी होती. पहिल्या बाळंतपणात ती मरणाच्या दारातून परतली होती. पुन्हा त्या वाटेला जायचं नव्हतं. पण तिचं ऐकतो कोण? चार वर्षांची नात किती दिवस एकटी खेळणार म्हणत सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मिठाची गुळणी धरली. डॉक्टरीणबाईंनी समजूत घातली की काडीएवढे, हवे तसे वाकणारे दोन रोबो आत जातील, नेमकी गाठ खुडतील, पिशवीला ओरखडाही येणार नाही. सगळे खूश झाले. तिने सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी सलाईन काढायला आलेली वयस्कर सिस्टर तिच्या नजरेला नजर देईना. तिने खोदून विचारलं. सिस्टरने आधी दार लोटलं.

"आत दोन गेले होते. शेवटी मोजले तर तीन."

सगळ्यांना वाटलं, आत जातानाच मोजायला चुकलो. पुन्हा मोजले. तिसरा बोटाच्या पेराएवढा. त्याच्यावर ना नंबर, ना वायर. आत गेल्यापेक्षा जास्त बाहेर आल्याचा आकडा कॉम्प्युटर घेईना, तेव्हा सिस्टर 'दोन' भरून मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंनी तर कानांवर हातच ठेवले.

"मग तो आहे कुठे?"

"वाफेतून काढून डब्यात ठेवलाय. एरवी गप्प पडून असतो. तुमचा आवाज आला की हलतो, बाई."

ती हसली. सिस्टर हसली नाही.

सिस्टर तिला घेऊन गेली ती हत्यारांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. ओट्यावर स्टीलचा डबा, झाकणाला चिकटपट्टी. ती बराच वेळ नुसती उभी राहिली. काहीच झालं नाही. सिस्टरची भीती घालवावी म्हणून ती म्हणाली, "काही नाहीये हो इथे."

आत काहीतरी घासलं.

ती ओट्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. "कशाला घाबरता?"

आवाज डब्याच्या कडेकडेने सरकत तिच्या बाजूला आला आणि थांबला.

सिस्टर भिंतीला टेकली होती. ती डब्याकडे बघत नव्हती. हिच्याकडे बघत होती.

लेकीचं अंगावरचं दूध सुटून अडीच वर्षं झाली होती.

तिने खाली पाहिलं. हॉस्पिटलचा गाऊन छातीवर दोन्हीकडे ओला झाला होता.