दुखणं मागून घेणारी बाई

बायका ओरडल्या की आमच्या डॉक्टर महांतेशना कंटाळा यायचा. "नुसती नाटकं," म्हणायचे. स्वतःच्या बोटात काटा रुतला तेव्हा मात्र दोन नर्स धरायला लागल्या. गंगाखेडातल्या त्या दवाखान्यात मी सहा वर्षं काढली. इतका पोकळ माणूस दुसरा पाहिला नाही.

त्या दुपारी सोनपेठची राजेश्री सिझरला होती. पहिलटकरीण. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं, "दहा मिनिटं थांबा," असं बजावलं आणि फोन आला म्हणून ते दाराबाहेर गेले. मी तिच्या पोटावर स्पिरिटचा बोळा टेकवला.

"गार लागतंय?"

"लागतंय की, सिस्टर."

म्हणजे भूल चढलीच नव्हती. मी तसं सांगितलं. डॉक्टर महांतेशनी माशीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि सुरी फिरवली.

ती किंचाळली. "कळायलंय मला... समदं कळायलंय!"

"ओढल्यासारखं वाटतं नुसतं. गप पड."

मी भूलवाल्या डॉक्टरांना बोलवायला दाराकडे धावले, आणि मागे एकदम शांतता. वळून बघते तर राजेश्री छताकडे बघून हसत होती. नाडी ठीक. खोलीत कुठूनतरी ओव्याच्या धुरीचा वास दाटला होता, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा.

"बघितलं? संपलं नाटक," डॉक्टर म्हणाले.

मुलगी झाली. धडधाकट.

संध्याकाळी वॉर्डात राजेश्रीनं माझा हात धरला. "त्या बाई कुठं हायत?"

"कोण बाई?"

"डोक्यापाशी बसल्या व्हत्या की. कपाळावर हात ठिवला. म्हणल्या, आण तुझं दुखणं इकडं... मला सवय हाय."

तिच्या डोक्यापाशी कुणीच नव्हतं.

डॉक्टर ऑपरेशन थिएटरला कुलूप लावत होते, तिथं जाऊन मी हे सांगितलं. ते खदाखदा हसले. "औषधाचा अंमल! अडाणी बाया, आणि तू त्यांच्यावर..."

रिकाम्या थिएटरच्या बंद दाराआडून दबका आवाज आला.

"डॉक्टर... टाके तरी भूल देऊन घाला ना..."

हसू तोंडातच थिजलं त्यांचं. किल्ली हातातून पडली, ती उचलायलासुद्धा वाकवेना. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तोंडावरच दिसत होतं.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

नाव त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.